विलायती झारी

सोमवारी पहाटे न्हाणीतला शॉवर गळायला लागला आणि बुधवार उजाडेपर्यंत घरात दोन पक्ष पडले. सिद्धारामचं म्हणणं, ही विलायती पीडा उपटून भंगारात द्यावी आणि तांब्याचा बंब पुन्हा पेटवावा. त्याच्या धाकट्या भावाचं, शिवपुत्रचं म्हणणं, यंत्रात काही दोष नाही, दोष वापरणाऱ्यांत आहे. महानंदा या बाबतीत नवऱ्याच्या विरुद्ध आणि दिराच्या बाजूने होती आणि ते ती लपवतही नव्हती. लग्न होऊन या घरात आल्यापासून आठ वर्षं तिनं रोज पहाटे बंबात ढलप्या घालून धुरानं डोळे चोळले होते. पंधरा दिवस नुसता खटका ओढून ऊन पाण्याखाली उभी राहिल्यावर आता कुणी बंबाचं नाव काढलं तरी तिचं टाळकं फिरायचं.

शिवपुत्र सहा वर्षांनी बर्मिंगहॅमहून तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता. येताना हा विजेचा शॉवर त्यानं दोन लोकरी स्वेटरांत गुंडाळून आणला होता आणि कस्टमवाल्याला, हे आमच्या आत्याच्या सांधेदुखीचं यंत्र आहे, असं सांगून सोडवला होता. पांढरी पेटी, तिच्यातून वर गेलेली नळी आणि नळीच्या टोकाला बारीक भोकांची चकती. होटगी रोडच्या नव्या वस्तीतलं हे सिमेंटचं घर बांधून जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि तिथल्या वायरिंगला विलायतेची सवय नव्हती. शॉवर सुरू केला की घरातले दिवे मिणमिणायचे आणि कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज बसायचा. गिरणीवाला दोनदा येऊन विचारून गेला होता, तुमच्यात आंघोळी किती वाजेपर्यंत आटपतात.

शॉकची भीती म्हणून सगळ्यांनी स्लिपरा घालून, लाकडी पाटावर उभं राहून आंघोळ करायची, असा दंडक शेजारच्या वेणीमाधव मास्तरांनी घालून दिला होता. मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. घरी कानडी बोलायचे, बाहेर पुस्तकातलं मराठी, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी टेस्टर बाळगायचे. सिद्धाराम त्यांच्याही पुढचा. बाजार समितीत ज्वारीची आडत चालवणारा, शंभर किलोचं पोतं एकट्यानं हलवणारा हा गडी शॉवरखाली एक हात पाठीमागे धरून उभा राहायचा, म्हणजे शॉक बसला तर एकाच हाताला बसेल.

या सगळ्याला न भ्यालेली एकच व्यक्ती घरात होती आणि ती म्हणजे नागम्मा आत्ती. आत्ती ही या दोघा भावांची आत्या. मैंदर्गीला दिलेली, तरुणपणीच विधवा झालेली. भावजय गेल्यावर ही दोन लहान पोरं सांभाळायला म्हणून आली आणि राहिली. पोरांची आई बार्शीकडची होती, त्यामुळे घरातली भाषा मराठी. भावांना कानडी यायचं ते आडतीपुरतं, म्हणजे आकडे, भाव आणि शिव्या. आत्ती मराठीच बोलायची, पण अधूनमधून मैंदर्गीचा एखादा शब्द तिच्या बोलण्यात खड्यासारखा यायचा आणि तो कुणी निवडत बसत नसे. शॉवरला ती झारी म्हणायची. बंबच बरा, असं चारचौघांत सांगायची आणि रोज पहाटे सर्वांत आधी झारीखाली जाऊन उभी राहायची.

तर बुधवारी सकाळी तपासणी बसली. न्हाणीच्या दारात सिद्धाराम, आत स्टुलावर वेणीमाधव मास्तर, त्यांच्या शेजारी इंग्रजी माहितीपुस्तक धरलेला शिवपुत्र आणि कढईतला चमचा हातात तसाच घेऊन आलेली महानंदा. पेटीच्या वरच्या जोडातून पाणी ठिबकत होतं.

"पिंडीवर गळती धरल्यागत थेंब पडतोय बगा," सिद्धाराम म्हणाला. "खाली म्हादेव तेवढा बसवायचा ऱ्हायलाय."

"थांबा. थेंब कुठून येतो याला महत्त्व आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी थेंबाला टेस्टर लावून पाहिला. दिवा लागला नाही, तेव्हा ते जरा खट्टू झाले. "चकतीतून गळत नाही. जोडातून गळतं. म्हणजे आतलं पाणी पुढे जायला वाट नाही म्हणून मागे फिरतं आणि जोडावरचं वायसर फाडून बाहेर येतं. कोणीतरी याचं तोंड दाबतं."

"पुस्तकात हेच लिहिलंय," शिवपुत्र म्हणाला. "तोंड बंद करू नका. ठळक अक्षरात."

"अरे पण झारीचं तोंड कोण दाबंल?" सिद्धाराम म्हणाला. "म्या तर एकाच हातानं आंगुळ करतो."

मास्तरांनी हिशेब मांडला. सोमवारी सिद्धारामच्या आंघोळीनंतर जोड पाहिला होता, नवी गळती नव्हती. मंगळवारी महानंदाच्या आंघोळीनंतर पाहिला, नव्हती. पण दोन्ही दिवशी आत्ती पहाटे न्हाऊन बाहेर आली आणि पाट पोहायला लागला. आत्तीचं नाव घ्यायचं धाडस कुणालाच होईना, म्हणून महानंदानंच हाक मारली.

आत्ती आली ती कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेली, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, ओठांत नामस्मरण चाललेलं. तिनं स्टुलावरच्या मास्तरांकडे पाहिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा केला. मास्तर तिच्यासमोर फार वेळ थांबायला भ्यायचे. वायसर घरी असेल, बघून येतो, असं म्हणून ते उतरले आणि निघून गेले. पुढं जे झालं ते मास्तर तिथं असते तर झालं नसतं.

"आत्ती, खरं सांग," सिद्धाराम जपून म्हणाला. "न्हानीत तू काय करतीस?"

"म्या काय करती? सोसीनी," आत्ती म्हणाली.

महानंदाच्या काळजाला चटका बसला. हाच तो शब्द. आठ वर्षं रोज पहाटे आत्ती पाण्यानं भरलेला तांब्या तिच्या हातात द्यायची आणि जप न मोडता, ओठांतल्या ओठांत तेवढा एक शब्द म्हणायची. सोसीनी. सोसीन म्हणे! मी काय छळते हिला, की हिनं रोज उठून सोसीन म्हणावं? पहिल्या दिवशी महानंदा आत जाऊन रडली होती. नंतर रडणं सोडून ती उत्तरादाखल तांब्या कट्ट्यावर आपटायला लागली. नवऱ्याला तिनं शब्द कधीच सांगितला नाही. आत्ती टोमणे मारतात, एवढंच सांगायची, आणि तो म्हणायचा, म्हाताऱ्या माणसाचं काय मनावर घ्यायचं. आज तोच टोमणा सर्वांसमोर उघड्यावर आला होता.

सिद्धारामचा चेहरा पडला. "काय म्हणालीस? सोसीन?"

"व्हय. रोज सोसीनी."

"माज्या घरात? तुला? कोण सोसायला लावतंय?"

"लावायला कशाला पायजे कोण? सोसल्याबिगर म्या पानीसुदिक तोंडाला लावत न्हाय, ठावं न्हाय व्हय तुला?"

सिद्धाराम न्हाणीच्या उंबऱ्यावरच बसला. शिवपुत्रनं माहितीपुस्तक मिटलं.

"आत्ती," सिद्धाराम म्हणाला, "ह्या घरात तुला सोसायची गरज न्हाय. आजपासनं बंद."

"बंद?" आत्ती कडाडली. "माज्या सासूनं सोसलं, तुज्या आज्जीनं सोसलं, आन् म्या बंद करू? सिमिटाचं घर बांदलंस म्हनून? हिलाबी सोसायला पायजे," तिनं महानंदाकडे बोट केलं. "आठ वरसं झाली, शिकवलं तरी शिकंना. तसंच घेती."

"मी तसंच घेते?" महानंदाच्या हातातला चमचा खाली पडला. "अहो ऐकताय न्हवं? मी सोसत न्हाय म्हणतायत. ह्या घरात कुणी सोसलं ते मी सांगू का? आठ वर्षं रोज पहाटे मला हेच ऐकवलंय यांनी. सोसीन, सोसीन!"

"ऐकवलंय म्हंजे? सांगायला नको व्हय तुला?" आत्ती म्हणाली. "न सांगता दिलं तर तू परत सोसत बसशील."

आता मात्र सिद्धारामला रडावं की ओरडावं कळेना. ज्या बाईनं आपल्याला घास भरवून वाढवलं तिनं आपल्या घरात दिवस कसे काढले, ते आज कळलं, असं त्याला वाटलं. आणि फार वाईट वाटलं की सिद्धारामला राग यायचा, ही त्याची लहानपणापासूनची खोड होती.

"मग जा की मैंदर्गीला!" तो ओरडला. "पुतण्या बोलवतोय न्हवं तुजा? जितं तुला मनासारकं सोसायला मिळतंय तितं जा. चारची एसटी हाय!"

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं की आपण काय बोललो. पण तो आडत्या होता. एकदा पुकारलेला भाव मागं घ्यायची त्याला सवय नव्हती.

"जाते," आत्ती एवढंच म्हणाली. मग आत जाऊन तिनं कपडे एका पोतडीत बांधायला घेतले.

दुपारपर्यंत घरातले पक्ष बदलले. सकाळी शॉवर काढायचा म्हणणारा सिद्धाराम आता बायकोवर डाफरत होता, "तूच कायतरी बोलली असशील तिला," आणि सकाळी शॉवरची बाजू घेणारा शिवपुत्र पाना घेऊन तो भिंतीवरून काढायच्या मागे लागला होता.

"ऱ्हाऊ द्या की भावजी," महानंदा म्हणाली.

"कशाला ठेवायचा वैनी? मी हा तिच्यासाठी आणला होता." शिवपुत्र स्टुलावर बसला. "तिकडं पहिल्यांदा याच्याखाली उभा राहिलो तेव्हा मला आत्तीच आठवली. आमची शाळा सकाळची. ती चारला उठून बंब पेटवायची, आम्हाला न्हाऊ घालायची आणि स्वतः गार पाण्यानं उरकायची. मला वाटलं, एकदा तरी तिनं पाहिजे तेवढं ऊन पाणी घ्यावं. शनिवारी मी जाणार. परत येईन तेव्हा ती मैंदर्गीला असेल, नाहीतर..."

महानंदा गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेली. आठ वर्षं तिच्या मनात होतं की एकदाची आत्ती मैंदर्गीला जावी. पहाटे उठावं आणि दारात तो तांब्या आणि तो शब्द नसावा. आज ते होत होतं आणि तिला आनंद होत नव्हता. याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं आणि त्याचा थोडा रागही आला.

दोरीच्या पार टोकाला, आत्तीच्या लुगड्याआड, मांजरपाटाचं एक दुहेरी फडकं वाळत होतं. काढायला गेली तर ते लाकडासारखं कडक. आपल्या विंधणविहिरीचं पाणी क्षाराचं, भांड्यांवरही पांढरा थर धरायचं. पण फडक्याच्या बरोबर मधोमध एक गोल उमटला होता आणि गोलात बारीक बारीक ठिपके. कडेला नाडी बांधल्याच्या चुण्या. महानंदानं तो गोल तळहातावर धरून पाहिला. एवढा गोल घरात एकाच वस्तूचा होता.

ती जिन्यावरून धावत खाली आली. मास्तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेऊन परत आले होते आणि स्टुलावर चढून वायसर कापून बसवत होते. महानंदानं त्यांच्या हाताखालून फडकं वर नेलं आणि शॉवरच्या चकतीवर ठेवलं. ते टोपीसारखं चपखल बसलं.

"हे काय?" शिवपुत्र म्हणाला.

"तोंड दाबणारा," महानंदा म्हणाली.

तेवढ्यात मागून आत्तीचा आवाज आला. पोतडी काखेत, पायात वहाणा, निघायच्या तयारीत. "ए, ठेव ते! माजी सोसो अरिवी हाय ती. ऱ्हायली व्हती वर."

मास्तर स्टुलावरून वळले. "काय? सोसो अरिवी? म्हणजे गाळायचं फडकं? आत्ती, तुम्ही शॉवरला गाळणं बांधत होता?"

"मग? टाकीत पाली असत्यात, किडं असत्यात. न गाळलेलं पानी अंगावर घिऊन लिंगपूजा चालती व्हय मास्तर?"

मास्तरांना इतकं हसू आलं की स्टूल डगमगलं. "गाळलं म्हणून गळलं हो! पाण्याला वाटच नाही. फडकं क्षारानं घट्ट झालं, आतली वाफ कोंडली, वायसर गेलं. संपलं. चिंचेच्या पाण्यात चकती बुडवून ठेवा रात्रभर, भोकं मोकळी होतील."

"मास्तर," महानंदा म्हणाली. "सोसो म्हणजे?"

"सोसु म्हणजे गाळणं. कानडी."

"आणि सोसीनी?"

"सोसीनी म्हणजे मी गाळलंय. नीर सोसीनी, पाणी गाळलंय." मास्तर पुन्हा वायसरकडे वळले. "का? काय झालं?"

शिवपुत्रनं कपाळावर हात मारला. "दादाची आडत ज्वारीची," तो पुटपुटला. "ज्वारी चाळतात. गाळत नाहीत."

महानंदा न्हाणीतल्या ओल्या पाटावर तशीच बसली. रोज पहाटे तिच्या डोळ्यांसमोर ती म्हातारी घागरीला फडकं बांधून, चाचपडत, एक थेंबही न सांडता तिच्यासाठी पाणी गाळायची आणि मग तांब्या हातात देऊन सांगायची की गाळलंय, बिनघोर पी. डोळ्यांना सगळं दिसत होतं आणि कानांनी भलतंच ऐकलं होतं. आठ वर्षं तिनं त्या पाण्याचा तांब्या आपटला होता. आणि आत्तीनं आठ वर्षं, सुनेचा हात जरा जड आहे, एवढंच मानलं होतं. महानंदाला लाज वाटली, अशी की तोंड लपवायला जागा सापडेना.

"सकाळी मग तुम्ही..." तिनं विचारायला तोंड उघडलं. पण सकाळचं एकेक वाक्य तिला आठवायला लागलं. माज्या सासूनं सोसलं. हिलाबी सोसायला पायजे. शिकवलं तरी शिकंना. तिला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही आलं. बाहेर टांगा थांबल्याचा आवाज झाला. सिद्धाराम स्वतःच जाऊन टांगा घेऊन आला होता आणि दारात मान खाली घालून उभा होता.

"चल आत्ती," तो म्हणाला. "उशीर व्हईल."

महानंदा उठली. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. हातात होतं तेच फडकं घागरीच्या तोंडाला बांधलं, तांब्या गाळून भरला आणि दोन्ही हातांनी धरून आत्तीसमोर येऊन उभी राहिली.

"आत्ती," ती म्हणाली, "सोसीनी."

आत्तीनं तांब्याकडे पाहिलं, मग तिच्या रडक्या डोळ्यांकडे पाहिलं आणि भुवया चढवल्या. सुनेच्या तोंडून आला म्हणून तो शब्द आज तिला मराठी ऐकू आला.

"सोसीन?" ती म्हणाली. "काय सोसतीस ग तू? म्या काय केलं तुला?"

शिवपुत्र भिंतीला टेकून खाली बसला. मास्तर पोट धरून स्टुलावरून उतरले. सिद्धाराम तेवढा खुळ्यासारखा एकेकाचं तोंड बघत राहिला.

"पानी, आत्ती!" महानंदा रडत हसत म्हणाली. "पानी सोसलंय. गाळलंय तुमच्यासाठी. मी, माझ्या हातानं."

आत्तीनं तांब्या घेतला, ओठांपर्यंत नेला आणि थांबली. तिची नजर घागरीवरच्या फडक्यावर गेली होती, त्याच्यावरच्या त्या गोलावर.

"त्या झारीच्या फडक्यानं?" ती म्हणाली. "न धुता? अय्यो शिवा! आठ वरसं दाखवतीया, एक दिवस सोसायला बसली तर अशी."

तिनं काखेतली पोतडी खाली टाकली, बसकण मारली, दातांनी गाठ सोडवली आणि लुगडी, शाल, विभूतीची पुडी सगळं भराभर बाहेर काढत तळाचं कोरं फडकं शोधायला लागली. बाहेर टांगेवाला हाका मारत होता. त्याला जायला सांगावं की थांबायला, ते सिद्धारामला कळेना, आणि आत्ती मान वरही न करता म्हणाली, "त्यालाबी थांबव. एवढ्या उनाचा आलाय, पानी पिऊन जाऊ दे."